यूएफओवरील विश्वास: विज्ञानाच्या जवळचा की धर्माच्या?

यूएफओवरील, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या अनोळखी उडत्या वस्तूंवरील, विश्वास विज्ञानाच्या जवळ जातो की धर्माच्या, हे ज्याला ठरवायचे आहे त्याने आधी एकाच नावाखाली वावरणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या अमेरिकी वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. हे निरीक्षण झाले. अशा वस्तू म्हणजे परग्रहावरून आलेली याने होत, हा पुढे लोकांनी लावलेला अर्थ झाला. निरीक्षणाची चौकशी करता येते आणि ती अनेकदा झालीही आहे. खरा वाद त्या अर्थाविषयी आहे.

केवळ विषय परग्रहवासीयांचा आहे म्हणून एखादा विचार अवैज्ञानिक ठरत नाही. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे रोखून संदेश शोधले, आणि ते निखळ विज्ञानच होते. फरक दिसतो तो अपेक्षेविरुद्ध काही घडल्यावर, आणि त्यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

१९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातील एका ठिकाणाहून दर १.३३ सेकंदांनी येणारे, घड्याळासारखे नियमित रेडिओ स्पंद आढळले. हे कोणा बुद्धिमान जीवांचे संकेत असतील, ही शक्यता तिथेही बोलून दाखवली गेली होती. परंतु तसे असेल तर संकेत पाठवणारा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरत असणार आणि त्या फिरण्याचा परिणाम स्पंदांच्या कालावधीत दिसला पाहिजे, असे ओळखून तो परिणाम शोधण्यात आला. सापडला तो फक्त पृथ्वीच्या स्वतःच्या गतीचा. मग आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच आणखी एक स्रोत मिळाला आणि ती कल्पना सोडून देण्यात आली. फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा, म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांचा, शोध त्यातूनच पक्का झाला.

दुसरा प्रसंग १९५४ सालचा, शिकागो परिसरातील एका लहान गटाचा. २१ डिसेंबरला महापूर येईल आणि त्यापूर्वी उडती तबकडी येऊन आपल्याला घेऊन जाईल, असे संदेश परग्रहावरून मिळत असल्याची त्यांची धारणा होती. तबकडी आली नाही, पूरही आला नाही. पहाटे नवा संदेश ‘आला’ की गटाने पसरवलेल्या प्रकाशामुळे जगावरचे संकट टळले. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी या गटात मिसळून निरीक्षण करत होते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले आहेत, परंतु इथे तो एक संदेशच पुरेसा आहे. केंब्रिजमध्ये भाकीत चुकल्यावर कल्पना गेली. शिकागोत कल्पना राहिली आणि तिला साजेसे कारण मागाहून आले.

बहुसंख्य यूएफओसमर्थक अशा कोणत्याही गटात नसतात, हे मान्य करायला हवे. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झालेला राएलपंथ किंवा १९९७ साली ३९ जणांच्या सामूहिक आत्महत्येने संपलेला हेवन्स गेट हा पंथ, ही टोकाची उदाहरणे आहेत; त्यांच्यावरून सर्वांना मोजणे अन्यायाचे होईल. सामान्य समर्थकाकडे पूजा नसते, विधी नसतात, आचारसंहिता नसते. त्याच्याकडे रडारच्या नोंदी असतात, छायाचित्रे असतात, वैमानिकांच्या साक्षी असतात. म्हणजे भाषा सगळी विज्ञानाची आहे. तरीही पुरावा मिळाला नाही की ‘तो दडवला आहे’ असे उत्तर येते, आणि हे उत्तर कोणत्याही शोधाने खोटे ठरू शकत नाही. दडवादडवीचा संशय निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे: १९४७ मध्ये रॉझवेलजवळ पडलेले अवशेष हवामानाच्या फुग्याचे असल्याचे सांगितले गेले, आणि ते सोव्हिएत अणुचाचण्यांचा माग घेणाऱ्या गुप्त मोगल प्रकल्पातील फुग्यांचे असल्याचे अमेरिकी हवाई दलाने १९९४ साली जाहीर केले. मात्र या खोटेपणाने सिद्ध होते ते फुग्याचे रहस्य, यानाचे नव्हे.

समर्थकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद उल्कापाषाणांचा आहे. आकाशातून दगड पडतात हे खेडुतांचे म्हणणे विद्वानांनी दीर्घकाळ उडवून लावले आणि अखेर खेडूतच बरोबर निघाले. हे खरे आहे. पण मत बदलले कसे, ते पाहावे. १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल येथे दगडांचा वर्षाव झाल्यावर भौतिकशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बिओ तिथे गेले, त्यांनी गावोगावच्या साक्षी ताडून पाहिल्या, दगड कुठवर पडले ते क्षेत्र निश्चित केले आणि त्या भागातील खडकांशी त्या दगडांचे साम्य नसल्याचे दाखवले. साक्षींना वजन आले ते दगड हातात आल्यावर. यूएफओच्या बाबतीत सर्वांना तपासता येईल असा दगड अजून कोणी पुढे ठेवलेला नाही.

राहिला अनुत्तरित प्रकरणांचा मुद्दा. यूएफओंची चौकशी करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात १९६९ पर्यंत नोंदल्या गेलेल्या १२,६१८ प्रकरणांपैकी ७०१ उलगडली नाहीत. उलगडा झाला नाही याचा अर्थ माहिती अपुरी पडली एवढाच होतो, आणि तिथे थांबणे हे वैज्ञानिक वळण आहे. त्या ७०१ मध्ये पाहुणे शोधणे हे श्रद्धेचे वळण आहे. त्यामुळे माझ्या मते निरीक्षणांची चौकशी विज्ञानात मोडते, तर परग्रहवासीयांच्या भेटींविषयीची खात्री धर्माच्या अधिक जवळ जाते. तरी एक फरक उरतोच: भाविक आपला देव यंत्राने सिद्ध करण्याचा आग्रह सहसा धरत नाही, यूएफओसमर्थक मात्र धरतो, म्हणून त्याच्याकडे पुरावा मागणे अधिक रास्त आहे.

जे. ॲलन हायनेक यांच्याजवळ मात्र ही वाटणी अवघड होते. हे खगोलशास्त्रज्ञ ब्लू बुकचे सल्लागार होते आणि सुरुवातीला साशंक होते; पुढे काही प्रकरणे गंभीर अभ्यासाला पात्र आहेत असे त्यांचे मत झाले आणि १९७३ साली त्यांनी त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. सहकाऱ्यांना ते भरकटल्यासारखे वाटले असतील. परंतु यूएफओ म्हणजे दूरच्या ग्रहांवरून आलेली याने, या लोकप्रिय उत्तराविषयीही त्यांनी पुढे उघडपणे शंका व्यक्त केली, त्या उत्तराने आपल्या चाहत्यांचे समाधान होत असतानाही. म्हणून त्यांचे निष्कर्ष पटोत न पटोत, त्यांना विज्ञानाच्याच बाजूला बसवावे लागते.