पैठणीच्या फोटोंसाठी गिम्प: काही महिने वापरल्यावर

पैठणीचा फोटो छान दिसणं सोपं आहे, खरा दिसणं अवघड. पैठणला आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. बरीच गिऱ्हाइकं आता व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरूनच विचारतात, आणि साडी परत आली तर कारण बहुधा एकच असतं, "फोटोत रंग वेगळा होता." म्हणून मोबाइलवरचे फिल्टर सोडले आणि लॅपटॉपवर गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. फुकट आहे, खातंबितं उघडावं लागत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आज स्वयंसेवक मंडळी चालवतात. माझ्याकडे आहे ती मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० आवृत्ती.

उघडल्याउघडल्या माणूस बिचकतो. डावीकडे चिन्हांची गर्दी, उजवीकडे खिडक्यांची. त्यातलं नव्वद टक्के आपल्याला लागत नाही. क्रॉप, लेव्हल्स (उजेड आणि रंग नीट करायचं साधन), लेयर (एकावर एक ठेवलेले थर) आणि टेक्स्ट एवढं हाताला बसलं की दुकानाचं काम निघतं. यूट्यूबवर शिकवणारे बहुतेक फोटोशॉपवाले असतात, त्यांचे शॉर्टकट इथे जसेच्या तसे चालत नाहीत, तेव्हा व्हिडिओ शोधताना गिम्पचं नाव घालूनच शोधा.

माझ्या दृष्टीनं सगळे पैसे (म्हणजे न दिलेले) वसूल होतात ते लेव्हल्समध्ये. ट्यूबलाइटखाली साडीवर हिरवट झाक येते, पिवळ्या बल्बखाली पांढराही मोतिया होतो. मी साडीच्या कडेला एक साधा पांढरा कागद ठेवूनच फोटो काढते. मग कलर्स मेनूतून लेव्हल्स उघडायचं, तिथल्या तीन ड्रॉपरपैकी मधला, करड्या रंगाचा, उचलायचा आणि कागदावर टिचकी मारायची. तो कागद रंगहीन आहे असं धरून सॉफ्टवेअर सगळ्या फोटोतली झाक काढतं. कागद मात्र उजेडानं पांढराफट जळालेला नको, नाहीतर ड्रॉपरला काही उमगत नाही. शेवटी क्रॉप करताना कागद उडवून टाकायचा.

आमच्याकडे माल देणाऱ्या विणकर मामींना मी आधीचे फिल्टरवाले फोटो दाखवले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "ही आपली साडी नाही बाई, वायलीच दिसायलीय." लेव्हल्स लावलेला फोटो साडीशेजारी धरून बघितला तेव्हा कुठं मान हलली.

धूपछाव रंगापुढे मात्र कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. ताणा (उभा धागा) एका रंगाचा, बाणा (आडवा धागा) दुसऱ्या रंगाचा, साडी हलली की रंग पालटतो. एका फोटोत तो मावणारच नाही. मी दोन बाजूंनी दोन फोटो काढते आणि एकाच चौकटीत शेजारी लावते.

जरीसाठी एक बारीक गोष्ट सांगते, कारण ही मला कुणी सांगितली नव्हती. जेपीईजी करताना एक्सपोर्टच्या खिडकीत प्रगत पर्याय उघडले की सबसॅम्पलिंग नावाची एक ओळ असते. तिथं ४:४:४ निवडा. नाहीतर फाइल लहान करण्यासाठी रंगाची माहिती कमी केली जाते, आणि लाल काठावरच्या बारीक बुट्टीच्या कडा फिसकटल्यासारख्या दिसतात. शार्पनही (कडा ठसठशीत करणं) जपून, जास्त झालं की जरतार मिठाच्या खड्यासारखी चमकते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना पुन्हा दाबतंच, म्हणून चोखंदळ गिऱ्हाइकाला मी डॉक्युमेंट म्हणून पाठवते. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० चा उभा आकार.

डाग पुसायचं हील हे साधन झकास आहे, पण ते मी फक्त मागच्या चादरीवर वापरते. पदरावर कधीच नाही. हातमागाच्या पैठणीची उलटी बाजूही सुलट्यासारखीच दिसते, जाणकार गिऱ्हाईक तिचाही फोटो मागतं. तिथं धागा "दुरुस्त" केला तर ती फसवणूक झाली.

मराठी अक्षरांचं काय, असा प्रश्न हमखास येतो. युनिकोड फॉन्ट असेल तर जोडाक्षरं नीट बसतात. 'मुक्त' किंवा 'बलू' नावाचा फॉन्ट घ्या, दोन्ही मोफत आहेत. डीटीपीवाल्यांच्या (छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्यांच्या) जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची भेळ मिळेल. ३.० मध्ये एक सोय मनापासून आवडली: अक्षरांना दिलेली सावली आता वेगळी राहते, त्यामुळे किंमत बदलली तरी सावली नव्यानं करावी लागत नाही.

आता तक्रारी. हे ठरावीक वेळानं आपणहून फाइल जतन करत नाही. आमच्याकडे दुपारी लाइट जाते आणि लॅपटॉपची बॅटरी नावालाच आहे, त्यामुळे कंट्रोल एस दाबायची सवय लावून घ्या. सेव्ह केलं की एक्ससीएफ फाइल होते, ती आपली कामाची प्रत. गिऱ्हाइकाला द्यायची जेपीईजी एक्सपोर्टमधून निघते. चार जीबी रॅमवर मोठा फोटो उघडला की पंखा घरघरतो, म्हणून मी आधी आकार कमी करते. मागची बाजू कापून काढणं किचकट आहे, पदराच्या गोंड्यांपाशी तर हात टेकले. फ्लेक्सवाले सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल देतात, ती इथे उघडत नाही. त्यांच्याकडून पीडीएफ मागून घ्यायची. आणि पन्नास साड्यांचे फोटो एका झटक्यात लहान करायचे असतील तर त्यासाठी दुसरं काही बघा.

रोज एखाद्-दुसरा फोटो टाकणाऱ्यानं यात पडू नये, मोबाइलवरचं स्नॅपसीड पुरे आहे, त्यातही व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक काढायची सोय) मिळतो. रंगावरून माल परत येत असेल तर मात्र शिकाच. डाउनलोड फक्त गिम्प डॉट ऑर्गवरूनच करा, आणि "इन्स्टॉल करून देतो" म्हणून कुणी सॉफ्टवेअरचे पैसे मागितले तर देऊ नका.