वेत म्हणून शिंदी लावली: आमच्यासारखे फसू नका

2021 चा जून. मिरगाचा पाऊस नुकता लागला होता. एक माणूस आमच्या सावंतवाडी तालुक्यातल्या घरी आला, ओट्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, पोफळीखालची एवढी जागा नुसती पडून आहे. तिथे वेत लावा."

पिशवीतून त्याने वेताचा हातभर तुकडा काढला आणि भाऊंच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात दिला. तुकडा आतून भरीव होता, बांबूसारखा पोकळ नाही. वेताची साल सोलून खुर्चीची बैठक कशी विणतात त्याचे फोटो दाखवले. इंडोनेशियाने 2012 पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली आहे, त्यामुळे आपल्याकडे माल मिळत नाही, असं सांगितलं. निर्यातबंदीची गोष्ट खरी आहे. वेत आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानातला, झाडांच्या सावलीत वाढतो, हेही खरं. दहातल्या आठ गोष्टी खऱ्या सांगितल्यामुळेच उरलेल्या दोन आम्ही तपासल्या नाहीत.

400 रोपं, नव्वद रुपयांना एक. छत्तीस हजार रोख. तीन वर्षांनी कंपनी स्वतः तोडून नेणार आणि मीटरवर पैसे देणार, असा शंभराच्या स्टँपवर करार. खड्डे, शेणखत आणि मजुरीचे अकरा हजार वेगळे.

रोपं वीतभर, गवतासारख्या दोन-तीन पात्यांची. "लहानपणी वेत असाच दिसतो," तो म्हणाला. ती खरं तर शिंदीची, म्हणजे रानटी खजुराची, रोपं होती. मोठी शिंदी गावात कोणीही ओळखेल, पण पिशवीतलं तिचं रोप आम्ही कोणीच पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी पानाच्या बुडाशी काटे आले. भाऊंच्या अंगठ्यात एक काटा खोल गेला, रक्त आलं, तरी ते खूश. "काटा इलो, म्हणजे वेतच!"

खरं तर झाडंच आम्हाला सांगत होती. पोफळीच्या गर्द सावलीतली रोपं पिवळी पडत होती, बागेच्या कडेला उन्हात होती ती तरारत होती. वेताच्या रोपाला सावली मानवते, मग हे उलटं का, असा प्रश्न मला पडला होता. मी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "खत वाढवा." मी खत वाढवलं.

2023 च्या दिवाळीत नात्यातले एक सर आले. ते वनशास्त्र शिकवतात. त्यांनी काही न बोलता एक झावळी वाकवली आणि तिचं एक पातं माझ्या बोटांत दिलं. "घडी कशी आहे बघा." पातं मधोमध वर उघडं होतं, पन्हळीसारखं. सकाळचं दव त्यात साठलेलं होतं. "वेताच्या पात्याची घडी उलटी असते, कौलाच्या आढ्यासारखी. त्यावर पाणी थांबत नाही." मग काटे दाखवले. शिंदीत झावळीच्या बुडाची पातीच काटे होतात. वेताचे काटे खोडाला वेढणाऱ्या खोळीवर दाट असतात, आणि वर चढण्यासाठी त्याला उलट्या आकड्यांचा लांब चाबूक फुटतो. आमच्या एकाही रोपाला असा चाबूक नव्हता. भाऊ तिथेच पोफळीला टेकून बसले. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

सर आणखी एक बोलले, ते जास्त लागलं. रोपं खऱ्या वेताची असती तरी तीन वर्षांत तोडणी शक्यच नव्हती. वेत पहिली काही वर्षं जमिनीलगतच बसून असतो, मग वर चढतो. लवकर येणाऱ्या जातींनाही सहा-सात वर्षं लागतात, जाड वेताला त्याच्या दुप्पट. म्हणजे करारातला तीन वर्षांचा आकडाच खोटा होता, आणि आम्ही पैसे मोजले ते त्याच आकड्यावर.

करार परत काढून वाचला. त्यात "वेत" कुठेच नाही, "वेतवर्गीय रोप" आहे. "कंपनीच्या मते योग्य असलेलाच माल" घेतला जाईल, असंही आहे. दिलेल्या पत्त्यावर बंद गाळा होता, फोन लागत नव्हता. पोलिसांत अर्ज दिला आहे. पैसे आलेले नाहीत.

आसपासच्या गावांतही अशी रोपं गेली आहेत, म्हणून हे लिहिते आहे. कोणी वेत विकायला आलं तर जिथून रोपं आणली ती रोपवाटिका दाखवायला सांगा, तिथली चढलेली मोठी झाडं दाखवायला सांगा. सगळी रोपं एकदम घेऊ नका. कागदावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि ते कृषी विद्यापीठात किंवा वनखात्यात विचारा. तोडून नेताना वाहतुकीचा परवाना लागेल का, हेही तिथेच विचारा. तीन वर्षांत पैसे देतो म्हणाला तर पुढचं ऐकूच नका.

ओट्यावर मी दोन सुकलेल्या झावळ्या ठेवल्या आहेत. एक आमच्या बागेतल्या शिंदीची, दुसरी सरांनी आणून दिलेली वेताची. रोपं घ्यायचा विचार असेल तर आधी येऊन दोन्हींना हात लावून बघा. भाऊ दाखवतील.