फायबर की वायरलेस: घरचं ब्रॉडबँड निवडताना

केबलमधून येणारं फायबर आणि टॉवरवरून येणारं वायरलेस, दोन्हींच्या डाउनलोड स्पीडचे आकडे जाहिरातीत मिळतील, ते इथे देत नाही. नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर दोन्हींत डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नाही.

मी दोन्ही वापरली आहेत. वायरलेस आधी घेतलं, कारण खोदकाम नाही, केबल ओढायची नाही. गच्चीवर रिसीव्हर बसवला की झालं. विरळ किंवा डोंगराळ वस्तीसाठी हा फार मोठा गुण आहे. एक टॉवर उभा राहिला की आसपासची घरं लगेच जोडता येतात, फायबरला मात्र प्रत्येक दारापर्यंत जावं लागतं.

मला नडलं ते अपलोड, म्हणजे आपल्याकडून पलीकडे पाठवण्याचा वेग. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज मला स्वच्छ यायचा आणि माझा त्याला तुटक जायचा. वैताग असा, की आपल्याला सगळं नीट दिसत-ऐकू येत असतं, त्यामुळे गडबड आपल्याकडे आहे हे लक्षातच येत नाही. आपण मन लावून पाच मिनिटं बोलतो आणि मग पलीकडून येतं, "परत सांगता का?" त्यात घरात दुसरं कुणी ऑनलाइन वर्गात असेल तर विचारूच नका.

टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते आणि तिचा मोठा हिस्सा बहुधा डाउनलोडला दिलेला असतो. वाटणी फायबरमध्येही आहे म्हणा. एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या प्रचलित पद्धतीत (तिला जीपॉन म्हणतात) एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असू शकतात. पण तिथे डाउनलोडला सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, तर अपलोडला सुमारे १.२५ गिगाबिट, म्हणजे डाउनलोडच्या निम्मी क्षमता तरी पाठवण्यासाठी असते.

ब्रॉडबँडचा फायदा देशाच्या पातळीवरही मोजला गेलाय: ब्रॉडबँडची व्याप्ती १० टक्केबिंदूंनी वाढली, तर विकसनशील देशांत आर्थिक वाढीचा दर सुमारे १.३८ टक्केबिंदूंनी जास्त दिसतो, असं जागतिक बँकेच्या २००९ च्या अहवालात होतं. समृद्धी आधी की ब्रॉडबँड आधी, हे वेगळं काढणं अवघड, म्हणून या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. पण घरबसल्या शिकवणी घेणं, केलेलं काम पाठवणं, मालाचे व्हिडिओ चढवणं, डॉक्टरला जखम कॅमेऱ्यावर दाखवणं, या सगळ्याला अपलोड लागतं. फायदा म्हणतात तो बराचसा इथेच असावा, असं मला वाटतं.

फायबरची एक खोड आहे: केबल तुटली की जोडणारा येईपर्यंत सगळं ठप्प. मी त्यासाठी मोबाइल हॉटस्पॉट हाताशी ठेवतो. घर लवकरच बदलायचं असेल किंवा फायबर पोहोचलंच नसेल, तर वायरलेस खुशाल घ्या. दोन्ही मिळत असतील तर मी फायबरच सुचवेन. घ्याल ते घ्या, पण जोडणीआधी अपलोडचा आकडा लेखी मागा आणि जमल्यास शेजाऱ्याकडे संध्याकाळी एक व्हिडिओ कॉल करून बघा.