साखळी केंद्र की एकाच डॉक्टरांचे वंध्यत्व उपचार केंद्र?

पुण्यामुंबईतील साखळी केंद्रांत प्रयोगशाळा आणि भ्रूणतज्ज्ञ बहुधा एकाच छताखाली असतात व पॅकेजचा आकडाही आधी कळतो. मात्र दर भेटीला नवा डॉक्टर समोर येतो, अशी तक्रार रुग्णांकडून ऐकू येते. एकाच डॉक्टरांच्या केंद्रात विचारपूस आपुलकीने होते, पण नोंदणीचा स्तर आवर्जून पाहावा, कारण सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याखाली पहिल्या स्तराच्या केंद्राला आयव्हीएफ (प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करता येत नाही. अनुभव ऐकताना सांगणारीचे वय विचारावे. तिशीतले यश चाळिशीला लागू पडत नाही. केंद्र सांगते ती यशाची टक्केवारी गर्भधारणेची की मूल जन्मल्याची, हेही (संकोच न करता) विचारावे. नोंदणी दुसऱ्या स्तराची असेल, तर माझा कल छोट्या केंद्राकडे आहे: गर्भधारणेचा अहवाल नकारात्मक आला, त्या दिवशी फोन उचलणारी व्यक्ती ओळखीची असते.