तळ्यातल्या वनस्पतींची रेडिओकार्बन तपासणी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

दुसरा रिपोर्ट वाचला आणि तसाच उभ्या उभ्या प्रयोगशाळेला फोन लावला. मी स्वतःच्या हाताने तळ्यातून उपटलेली हिरवीगार हायड्रिला ही पाणवनस्पती त्यांनी चारशे वर्षांपूर्वीची ठरवली होती!

आमच्या रावेरकडच्या शिवारात गाळाने भरत आलेलं एक तळं आहे. ते खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळातलं, असं म्हातारी माणसं सांगतात. फारुकींचं राज्य १३८२ ते १६०१, म्हणजे गोष्ट पटण्यासारखी. उन्हाळ्यात तळं आटल्यावर खड्डा घेतला, अगदी खालच्या थरातली चपटी झालेली पानं वेचून पाठवली. उत्तर आलं, नऊशे वर्षं. घरी पेढे आणले. भूगर्भशास्त्राचे एक सर मात्र म्हणाले, "भाऊ, त्याच तळ्यातली जिवंत वनस्पतीही पाठवा." एका नमुन्याचे पैसे म्हणजे आमचा दोन महिन्यांचा किराणा. जिवावर आलं, पण पाठवली.

या तपासणीत वय ठरतं ते कार्बन-१४ वरून : झाड जिवंत असेपर्यंत तो हवेतून मिळत राहतो, मेल्यावर हळूहळू घटतो, म्हणून जितका कमी तितकं वय जास्त. अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ उत्तर गोलार्धात १९६३ च्या सुमारास जवळपास दुप्पट झाला होता. तो आता खाली आलाय, त्यामुळे आजच्या पानाचं वय शून्याच्या आसपास यायला हवं. मी फोनवर भांडलो, की वर चिकटलेला चुना काढायला तुम्ही नमुना ॲसिडने धुतलाच नाही. त्यांनी नोंद दाखवली : धुतला होता.

इथे माझं मत बदललं, आणि ते केळीच्या बागेत. ठिबकच्या नळ्या क्षाराने तुंबतात म्हणून आम्ही ॲसिड सोडतो. ड्रिपरवरचा पांढरा थर निघतो, पण झाडाने जे पिऊन घेतलं ते थोडंच निघतं? हायड्रिलाचंही तसंच. पाण्याखाली वाढणारी ही वनस्पती पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट घेऊन पान घडवते. आपला खडक काळा पाषाण, मग चुना कुठला, असं मलाही वाटलं होतं. पण तापीच्या गाळमातीत चुनखडीचे खडे जागोजाग सापडतात. जुन्या चुनखडीतला कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो, आणि ती विरघळून होणाऱ्या बायकार्बोनेटमधला निम्मा कार्बन दगडातून येऊ शकतो. हवेशी देवाणघेवाण होऊन ही तूट काहीशी भरते, पूर्ण भरतेच असं नाही. पानात असा कार्बन-१४ नसलेला, म्हणजे 'मृत', कार्बन पाच टक्के गेला तरी वय सुमारे चारशे वर्षांनी फुगतं. म्हणजे मोजमाप चोख होतं, चुकीचं पान मी निवडलं होतं. मोजणीला माझ्याकडून पूर्ण गुण.

राग आहे तो फॉर्मवर. 'नमुन्याचा प्रकार' या रकान्यात 'वनस्पती' एवढाच पर्याय. पाण्याखाली वाढलेली की पाण्याबाहेर, हे विचारतच नाहीत. पाणकणसाची पानं हवेत असतात, कमळाची पाण्यावर. ती कार्बन हवेतून घेतात. त्यांचं वय बरंच भरवशाचं. अमेरिकेत एडवर्ड डीव्ही आणि सहकाऱ्यांनी कठीण पाण्याच्या तळ्यांमधला हा दोष १९५४ मध्येच दाखवून दिला होता. सत्तर वर्षांत एक रकाना वाढवता येऊ नये? तो असता तर मी पहिल्याच वेळी थांबलो असतो, आणि दोन नमुन्यांचे पैसे वाचले असते. हे मी त्यांना तीनदा लिहून कळवलं. उत्तर : "आपली सूचना नोंदवली आहे."

नऊशेतून चारशे वजा केले, की तळं थेट फारुकी काळात येतं. मोह होतो, पण सरांनी बजावलंय : आज पाण्यात जेवढा मृत कार्बन आहे तेवढाच तेव्हाही होता, असं धरून चालता येत नाही. त्याच थरातली जमिनीवरची वस्तू हवी. म्हणून साठवलेला सगळा गाळ पुन्हा चाळला, आणि परवा रात्री बाभळीची एक बी मिळाली. केळीचे पैसे आले की ती जाईल. फॉर्मवर जागा नाही, म्हणून पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय : जमिनीवरचं झाड.