ट्रेल कॅमेऱ्याचे सेल घेताय? आधी काट्यावर ठेवा

ट्रेल कॅमेरा म्हणजे जंगलात बांधून ठेवायचा, प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. पाणवठ्यावर लावलेल्या अशा कॅमेऱ्यात दिवसाचे मोर, भेकरं व्यवस्थित टिपले जातात आणि रात्रीचे फोटो काळे येतात किंवा येतच नाहीत. अशा वेळी बहुतेक जण कॅमेऱ्यावर खापर फोडतात. खोट बऱ्याचदा सेलमध्ये असते. नुसता पहारा द्यायला कॅमेऱ्याला अगदी थोडा करंट लागतो, पण रात्री इन्फ्रारेड एलईडी पेटले की तो एकदम वाढतो. हलका सेल तिथेच बसतो, व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा बंद पडतो.

फसवणुकीची सुरुवात आवरणावरच्या आकड्यापासून होते. एए मापाच्या (पेन्सिल सेलएवढ्या), चार्ज करता येणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड सेलची खरी क्षमता साधारण 1900 ते 2800 एमएएच (मिलिअँपियर-तास). त्यावर 3800 किंवा 4500 छापलेलं असेल तर ते धादांत खोटं. चांगला सेल 26 ते 31 ग्रॅम भरतो. 18 ग्रॅमच्या सेलमध्ये तेवढा मालच नसतो. फक्त एक लक्षात ठेवा, एकदाच वापरायचा अस्सल लिथियम एए सेल मुळातच 15 ग्रॅमच्या आसपास असतो, त्याला ही कसोटी लावू नका. 18650 या एएपेक्षा मोठ्या लिथियम सेलवर 9900 एमएएच लिहिलेलं दिसलं तर हात लावू नका. चांगल्या कंपनीचे सेलही साधारण 3500 पर्यंतच जातात, आणि वजन 45 ग्रॅमच्या पुढे असतं.

1.5 व्होल्टच्या चार्जेबल लिथियम सेलमध्ये चलाखी वेगळी. 3500 हा आकडा ठळक आणि शेजारी बारीक अक्षरात एमडब्ल्यूएच, म्हणजे मिलिवॅट-तास, एमएएच नव्हे. त्याला 1.5 ने भागा, हाती 2333 एमएएच उरतात. शिवाय हे सेल शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतात, त्यामुळे कॅमेऱ्यावर बॅटरी फुल दिसते आणि पुढच्याच रात्री तो गप्प होतो.

पक्की खात्री करायची तर क्षमता मोजणारा चार्जर हवा. निकेलचा सेल पूर्ण चार्ज करून 500 मिलिअँपियरने 1 व्होल्टपर्यंत उतरवा, चार्जर दाखवेल ती खरी क्षमता. कॅमेऱ्यात आठ सेल बसत असतील तर आठही वेगवेगळे मोजा. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सेलमध्ये, एक जरी कच्चा निघाला तरी तो आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात, मग तो गळतो आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्या गंजतात.

भारतात चार्जेबल सेलना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. आवरणावर आयएस 16046 आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक शोधा आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासा. त्या नोंदीत तुमच्या सेलचा ब्रँड किंवा कंपनी नसेल तर माल परत करा.

तक्रार केली की विक्रेता सांगतो, “दोन-तीनदा चार्ज करून बघा, मग सुधारेल.” पडून राहिलेल्या निकेलच्या सेलबाबत हे थोडंफार खरंही आहे, म्हणूनच माणूस थांबतो आणि परतीची मुदत उलटून जाते. वजनाला चार्जिंग लागत नाही. पार्सल आल्या दिवशीच सेल काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढा, खोका आणि बिल जपून ठेवा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवा.