ओरोस की जे. जे.?

मालवणच्या माझ्या भाचीचं एमबीबीएससाठी ठरत नाहीये: सिंधुदुर्गातल्या ओरोसचं सरकारी मेडिकल की मुंबईचं ग्रँट, म्हणजे जे. जे. रुग्णालयाचं कॉलेज? दोन्ही सरकारी, त्यामुळे फीची फार चिंता नको. राहण्या-खाण्याचा खर्च मुंबईत जास्तच. खरा मुद्दा पेशंटचा. ग्रँट १८४५ सालचं, जे. जे.त राज्यभरातून गुंतागुंतीच्या केसेस येतात. पण बॅच २५० ची, पेशंटपर्यंत पोचायलाच धडपड. ओरोस नवं, १०० जागांचं. गंभीर पेशंट गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पाठवले जातात, ही उणीव मोठी. मात्र सर्पदंश, लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा ताप), दोडामार्गचा माकडताप इथलेच. खाटेवरची आजी ‘पोटात दुखता गो’ म्हणाली की भाची मालवणीतच पुढचं विचारेल. सुपरस्पेशालिस्ट व्हायचंय? ग्रँट. तालुक्यात दवाखाना चालवायचाय? मग बिनधास्त ओरोस घे, बाय.